दुपारच्या किल्ल्या

आपल्याच घरात आपल्याला कोणी चोर म्हणून धरील, असं त्याच्या कधी स्वप्नातही आलं नव्हतं. नोकरी संपल्यानंतरचा पहिला सोमवार. अर्ध्या गालाला साबण लावून तो न्हाणीघरातून बाहेर आला होता, कारण आरसा खिडकीपाशी नेला तर उजेड चांगला मिळतो हा शोध त्याला इतक्या वर्षांनी आज लागला होता. एरवी त्याची दाढी दिवा लावूनच व्हायची. तेवढ्यात खिडकीच्या गजांतून एक हात आत आला, दाराची कडी सराईतपणे वर सरकली, आणि पांढऱ्या कपड्यांतली एक तरुण मुलगी, हाक नाही की बेल नाही, घरात शिरून सरळ स्वयंपाकघराच्या दाराकडे गेली. "कोण तुम्ही? आत कशा आलात?" तो म्हणाला. ती वळली. तिनं त्याचा बनियन पाहिला, हातातला वस्तरा पाहिला, आणि ती किंचाळली. "मावशी! चोर! घरात चोर शिरलाय!" समोरच्या इमारतीच्या जिन्याखाली टेबल मांडून कपड्यांना इस्त्री करणारी बाई हातातली गरम इस्त्री तशीच घेऊन धावत आली. "अहो, हे माझं घर आहे, तुम्ही बाहेर व्हा," तो म्हणाला. "ऐका! चोराच्या उलट्या बोंबा," इस्त्रीवाली म्हणाली, आणि मग जरा थबकून, "पण काय गं, चोर कशाला दाढी करत बसेल?" मागच्या अंगणातून ओल्या कपड्यांची बादली घेऊन त्याची बायको आली. तिनं एकदा या तिघांकडे पाहिलं, बादली खाली ठेवली आणि उंबऱ्यावर बसून हसायलाच लागली. डोळ्यांना पाणी येईपर्यंत हसली. "अगं, चोर कसला," ती म्हणाली, "हे आमचे हे."

मुलगी लाजून लाल झाली. ती नर्स होती, रात्रपाळी करून आली होती, मागच्या गल्लीत एका मैत्रिणीबरोबर खोली घेऊन राहत होती, आणि ती मैत्रीण सकाळी कामाला जाताना किल्ली इथं ठेवून जायची. स्वयंपाकघराच्या दारामागे हात घालून तिनं एक किल्ली काढली आणि जाता जाता, माफी मागण्याच्या घाईत म्हणाली, "खरंच चुकलं हो काका. पण मला वाटलं, मावशी एकट्याच राहतात." ती गेली, इस्त्रीवाली गेली, बायको कपडे वाळत घालायला मागे गेली, आणि तो उरलेला अर्धा गाल तासत राहिला. मावशी एकट्याच राहतात. मुलीनं हे काही लागट म्हणून म्हटलं नव्हतं. दोन वर्षं ती रोज या घरात येत होती, आणि त्या दोन वर्षांत या घरात पुरुषमाणूस आहे असं वाटावं असं तिला काही दिसलंच नव्हतं. वास्तविक खुंटीला त्याचा सदरा होता, कोनाड्यात चष्म्याचं घर होतं. पण वारलेल्या माणसाच्या वस्तूही लोक अशाच ठेवतात, हे त्याच्या मनात आलं आणि वस्तरा हनुवटीला लागला.

मग त्यानं स्वयंपाकघराच्या दारामागे जाऊन पाहिलं. दारामागच्या भिंतीवर एक फळी होती आणि फळीला खिळे होते, हे त्याला ठाऊक होतं. इतके खिळे एका फळीला कशाला, म्हणून तो अधूनमधून कुरकुरलाही होता. बायको झारे-पळ्या अडकवत असेल अशी त्यानं समजूत करून घेतली होती. रात्री आणि रविवारी ते खिळे नेहमी मोकळे असत. आज, भर सोमवारी, तो उशिरापर्यंत झोपला होता तेवढ्यात, नर्सचा सोडून एकेक खिळा भरला होता. लांब दांड्याच्या काळपट किल्ल्या, पितळी किल्ल्या, दोऱ्यात ओवलेल्या, केसांच्या रिबिनीला बांधलेल्या, आणि नव्या इमारतींच्या त्या चपट्या, पत्र्याच्या चकतीसारख्या किल्ल्या. तो गेला की येणाऱ्या आणि तो परतायच्या आत आपापल्या घरी जाणाऱ्या. सगळी वसाहत दिवसभर त्याच्या स्वयंपाकघराच्या दारामागे टांगलेली असायची, आणि त्याला पत्ता नव्हता.

"तू मला कधी बोलली नाहीस," जेवताना तो म्हणाला. "बोलले होते की," ती म्हणाली. "मास्तरीणबाईंची पहिली किल्ली आली तेव्हाच बोलले होते. तुम्ही पेपरामागून हं म्हणालात." हे खरं असणार. पेपरामागून तो कशालाही हं म्हणत असे.

त्याला ती वर्षं आठवली. विमा कंपनीतल्या कारकुनांनी मिळून शहराबाहेरचं हे गवताचं माळरान घेतलं तेव्हा लोकांनी त्यांना वेड्यात काढलं होतं. सुरुवातीला घरं बोटांवर मोजण्याइतकी, प्रत्येकाभोवती चुन्यानं आखलेली हद्द, आणि पावलागणिक बुटाला चिकटणारा लाल चिखल. कचेरीत कुणाच्या बुटाला तो चिखल दिसला की बाकीचे म्हणत, आले आमचे जमीनदार. शहरात खोली परवडत नव्हती हे खरं कारण. पण सांगताना सगळे मोकळ्या हवेचं कारण सांगायचे. ती हवा खाल्ली कोणी? सकाळी अंधार असतानाच तो बस गाठायचा आणि दिवे लागल्यावर परतायचा. त्याची वसाहत म्हणजे अंधारातला एक रस्ता, एक फाटक आणि एक ताट. आपली मुलगी वाढली ती झोपेत वाढली असं तो चारचौघांत गमतीनं सांगायचा आणि लोक हसायचे. आता ती लग्न होऊन लांब गेली होती, आणि ती नक्की कोणत्या झाडावर चढायची, कुठं पडून तिच्या कपाळावर ती खोक पडली, हे त्याला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. दरम्यान नळ आला, खांब आले, डांबर आलं. घरांच्या मधल्या रिकाम्या जागा भरल्या, मग घरांच्या डोक्यावरून इमारती उठल्या. कानामागून आल्या अन् तिखट झाल्या, असं तो त्यांना म्हणायचा. पण हे सगळं त्याला झालेलं दिसलं, होताना दिसलं नाही. काल खांब नव्हता, आज आहे. होताना कोणी पाहिलं असेल तर बायकोनं.

आणि तिनं ते किल्ल्यांवरून पाहिलं होतं. दुपारी भांडी विसळता विसळता ती सांगत होती आणि तो पहिल्यांदाच पेपर न घेता ऐकत होता. सुरुवातीला कुलपंच नव्हती. बाया घरीच, कुलूप कशाला? मग शेजारच्या मास्तरीणबाईंना शाळेत नोकरी लागली आणि त्यांच्या पोरांनी हरवलेल्या किल्ल्यांनी विहीर बुजेल अशी पाळी आली, तेव्हा त्या म्हणाल्या, वहिनी, तुम्ही असताच घरी, तुमच्याकडे राहू दे. मग टेलिफोन कचेरीत पाळीवर जाणाऱ्या टेलिफोनवालीची आली. मग दोघं नोकरी करणाऱ्या जोडप्यांच्या येऊ लागल्या. इमारती उठल्या तेव्हा ज्यांचं तोंडही कधी पाहिलं नाही अशांच्या किल्ल्या कुणाकुणाच्या ओळखीनं आल्या. पोरं शाळेतून इथं येत, किल्ली घेऊन जात. कोणी तापानं फणफणलेलं असलं तर इथंच पडून राही. "कुठली कुणाची, कळतं कसं?" त्यानं विचारलं. "हाताला कळतं," ती म्हणाली. तिला त्यात सांगण्यासारखं काही वाटत नव्हतं.

त्या आठवड्यात तो खुर्ची टाकून बसला आणि त्यानं दिवस पाहिला. सकाळची घाई ओसरली की वसाहत कशी एकदम सैल होते, गच्च्यांवर गाद्या पसरतात, एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीशी बोलणं चालू असतं आणि तिसरीतून त्यात कोणीतरी भर घालतं, हे त्याला नवं होतं. उजेड या खोलीत कुठून येतो आणि कुठं जातो हेसुद्धा नवं होतं. दुपारी तो फरशीवरून सरकत सरकत त्याच्या पायापर्यंत यायचा, आणि आपल्या घराच्या फरशीत निळसर रेघा आहेत हे त्याला दिसायचं. त्याला फार बरं वाटत होतं. पण बायका यायच्या त्या दारातच थबकायच्या. "काका आहेत वाटतं," असं म्हणून आवाज खाली यायचा. जी बोलणी उंबऱ्यापर्यंत हसत यायची ती उंबऱ्यावरच संपायची. किल्ली अडकवली, चालल्या. पूर्वी बसत असणार. कारण ओट्याजवळ एक चौरंग होता, बसून बसून मधोमध गुळगुळीत झालेला, आणि त्यावर कोणी बसेना. एकदा त्यानं मुद्दाम म्हटलं, "बसा की." टेलिफोनवाली बसली, त्याच्याकडे पाहून हसली, हवापाण्याचं काहीतरी बोलली आणि उठली. घरात पुरुष असला की घराचा आवाज बदलतो. त्यानं काही करावं लागत नाही, नुसतं असावं लागतं.

आपणही कामाला यावं असं त्याला मनापासून वाटू लागलं. तिच्या दिवसात आपली एक खुर्ची असावी, हक्काची, पाहुण्याची नको. आणि माणूस कामाला यायचं म्हणजे त्याला येत असतं तेच करून येणार. विमा कंपनीच्या दप्तरखान्यात त्याचा जन्म गेला होता. ज्या वस्तूवर चिठ्ठी नाही ती हरवलेलीच समजा, हे त्याचं वाक्य तिथल्या शिकाऊ कारकुनांना पाठ होतं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. शुक्रवारी सकाळी बायको मागे अंगणात होती तेव्हा तो दाराशीच बसला, आणि येईल तिला, हातात पेन्सिल घेऊन, अगदी अदबीनं विचारू लागला, "आपलं आडनाव? घर क्रमांक? गल्ली कोणती?" बायका गोंधळून सांगत गेल्या. नर्सनं फक्त खोलीचा नंबर सांगितला आणि ती खाली बघत राहिली. दुपारी बायकोचा डोळा लागला तेव्हा त्यानं जुन्या पुठ्ठ्याचे सारख्या मापाचे तुकडे कापले, वळणदार अक्षरात पत्ते लिहिले, एकेक किल्लीला दोऱ्यानं बांधले आणि अकारविल्हे सगळ्या पुन्हा अडकवल्या. फळी अशी देखणी दिसू लागली की त्याला कचेरीची आठवण येऊन भरून आलं.

बायको उठली, डोळ्यांवर पाणी मारून आली आणि फळीपुढे उभी राहिली. तिचा हात सवयीनं वर गेला, एका किल्लीवर थांबला, दुसरीवर गेला. त्या आपल्या जागी नव्हत्या. "छान अक्षर आहे," ती म्हणाली. एवढंच म्हणाली. संध्याकाळी मास्तरीणबाई आल्या. आता त्यांचे केस पांढरे झाले होते, पण फळ्यासमोर उभं राहिलेल्यांचा आवाज कधी जात नाही. पुठ्ठा डोळ्यांपासून लांब धरून त्यांनी वाचला. "भाऊजी," त्या हसून म्हणाल्या, "झाकली मूठ सव्वा लाखाची होती. आता एखाद्या चोरानं ही फळी पाहिली, तर त्याला वाट विचारायचीही गरज नाही." किल्ल्या न्यायला आलेल्या सगळ्या हसल्या. तोही हसला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, हे त्याला कळलं, आणि त्याच संध्याकाळी कात्री घेऊन त्यानं सगळे पुठ्ठे काढून टाकले.

पण सोमवारी निम्म्याच किल्ल्या आल्या. मंगळवारी त्याहून कमी. कोणी वाईट बोललं नाही. वाईट बोललं असतं तर भांडता आलं असतं. "आता काका घरी असतात ना, तुम्हालाही जरा मोकळीक," टेलिफोनवाली म्हणाली. इमारतीतल्या जोडप्यानं दाराला आकडे दाबून उघडणारं कुलूप बसवून घेतलं होतं. मास्तरीणबाईंची सून घरी राहून काम करू लागली होती. प्रत्येकीचं कारण खरं होतं, आणि तरी त्याला वाटत होतं की सगळी कारणं मिळून त्याचंच नाव होतं. "गरज सरो, वैद्य मरो," तो चिडून म्हणाला. "असं नका हो म्हणू," बायको म्हणाली, "त्यांचं काय चुकलं?" ती रिकाम्या फळीवरून फडकं फिरवत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर त्याला बरं वाटलं असतं. दुपारी ती चौरंगावर एकटीच बसलेली दिसली, हात मांडीत, कशाचीही वाट न बघता. इतकी वर्षं आपण हिला दिवसभर एकटी टाकून गेलो याची आपल्याला आतून कुठं तरी टोचणी होती. आणि खरं म्हणजे ती एकटी नव्हतीच. ती एकटी झाली ती आता, आपण आल्यावर. मुक्कामाला आलो आणि हिची वसाहत उठवून लावली. आता तिच्यापुढं उरलं काय, तर आपण. आपल्याला आपली किंमत ठाऊक होती.

म्हणून गुरुवारी त्यानं जाहीर केलं की कंपनीनं त्याला पुन्हा बोलावलं आहे. जुनं दप्तर लावायचं आहे, थोड्या दिवसांचं काम आहे. ती भाकरी थापता थापता थांबली, त्याच्याकडे पाहिलं, आणि म्हणाली, "जा की. तुमच्याशिवाय त्यांचं अडतच असेल." तो डबा घेऊन जुन्या वेळेला निघाला, जुन्या बसमध्ये जुन्या जागी बसला, आणि शहरात उतरून एका सार्वजनिक बागेत बाकावर जाऊन बसला. त्याचं गणित सोपं होतं. आपण गेलो की दार पूर्वीसारखं होईल. हात खिडकीतून आत येईल. चौरंगावर कोणीतरी बसेल. चोरपावलांनी का होईना, किल्ल्या परत येतील. बाकावर बसून तो मनातल्या मनात घर पाहायचा. आता ऊन फरशीच्या निळ्या रेघांवर आलं असेल. आता टेलिफोनवाली काहीतरी सांगून हसत असेल. पूर्वी कचेरीत बसून त्याला असं घर कधी दिसलं नव्हतं; दिसायला त्यानं ते पाहिलंच कुठं होतं? आता चार दिवस पाहिलं, तर ते डोळ्यांपुढून हलेना. बागेतले म्हातारे त्याला आपल्यात बोलावत, पत्ते वाटत, पण त्याचं लक्ष नसे. परत गेल्यावर तो कशाला हात न लावता नुसता फळीकडे बघायचा. ती अर्थातच रिकामी असायची. रात्री ती नेहमीच रिकामी असे. म्हणजे विचारल्याशिवाय कळणार नव्हतं, आणि विचारलं तर बिंग फुटणार होतं. बायको मात्र जरा उजळ दिसत होती. भाकरीच्या तव्यासारखं तापलेलं तोंड, गुणगुणणं, लवकर झोप. म्हणजे उपाय लागू पडतो आहे. हे कळून त्याला जितका आनंद झाला तितकंच वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं म्हणून स्वतःची लाजही वाटली.

पुढच्या आठवड्यात एक दिवस त्याच्यानं राहवलं नाही. डबा न खाताच तो दुपारची बस धरून परतला. घरात जायचं नाही, नुसतं कोपऱ्यावरून पाहायचं, एखादी किल्लीवाली येताना दिसली की पाय मागं घ्यायचा, असं त्यानं ठरवलं होतं. पण कोपऱ्यावरूनच त्याला दिसलं की दाराला कुलूप आहे. भलंमोठं, जुनं, त्यानं कधी न पाहिलेलं कुलूप. तो कुलपापुढे जाऊन उभा राहिला. आपल्या घराला कुलूप असतं हे त्याला ठाऊक नव्हतं. आणि मग त्याच्या ध्यानात आलं की या घराची किल्ली त्याच्याकडे कधीच नव्हती. कधी लागलीच नव्हती. तो केव्हाही आला तरी दार आतून उघडायचं. त्याला वाटायचं दारं अशीच उघडतात. हिला बरं नाही, हिला कुठं तरी नेलं, असलं काहीबाही त्याच्या मनात येऊ लागलं. "काकू नाहीत," जिन्याखालून इस्त्रीवाली म्हणाली. "फिरायला गेल्यात. रोज जातात आताशा. किल्ली माझ्याकडं असती." "मग द्या ना," तो म्हणाला. तिनं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तसं काकूंनी काही सांगितलं नाही," ती म्हणाली, "आणि लोकांची किल्ली मी परस्पर कुणाला देत नाही. बसा पायरीवर. पाणी हवंय?" त्याला तिचा राग यायला हवा होता, पण आला नाही. किल्ली कशी सांभाळावी हे या वसाहतीला कुणी शिकवलं होतं, हे त्याला आता माहीत होतं. तो पायरीवर बसला, तिनं दिलेलं पाणी प्यायला, आणि त्यानं डबा उघडून तिथंच खाल्ला.

ती आली तेव्हा उन्हानं लाल झाली होती. चपला धुळीनं भरलेल्या, हातात कुठलंसं रानगवताचं तुऱ्याचं काडूक. त्याला पाहून ती दचकली. मग दोघंही एकमेकांकडे, पकडल्यासारखी, बघत राहिली. "तुम्ही लवकर आलात," ती म्हणाली. "तू बाहेर गेली होतीस," तो म्हणाला. ती त्याच्या शेजारी पायरीवर टेकली आणि चपला काढून पाय चोळू लागली. "कामावर नाही ना जात तुम्ही?" तिनं विचारलं. त्यानं रिकामा डबा मागं सरकवला. "पहिल्याच दिवशी कळलं मला. नोकरीवर जाणारा माणूस बस चुकेल म्हणून पळतो. तुम्ही फाटकापाशीच मागं वळून घराकडं बघत उभे राहिलात. मी खिडकीतून पाहत होते." "किल्ल्या परत याव्यात म्हणून," तो कसाबसा म्हणाला. "माझ्यामुळं गेल्या. मला वाटलं, मी नसलो की..." ती गवताची काडी बोटांत फिरवत होती. "नाही आल्या," ती म्हणाली. "एक-दोघी आल्या ठेवायला, तर मीच नको म्हटलं."

मग ती बोलू लागली आणि त्यानं मध्ये हं सुद्धा म्हटलं नाही. किल्ल्या गेल्या तेव्हा तिला वाईट वाटलं होतं, खोटं कशाला सांगा. हात कुठं ठेवावेत कळत नव्हतं. पण तो बसनं शहरात गेला त्या दिवशी दुपारी ती दारात उभी होती आणि तिच्या ध्यानात आलं की आता मागून कोणी येणार नाही. पोर शाळेतून येऊन दाराशी रडत बसणार नाही. आपण निघालो तर निघू शकतो. इतक्या वर्षांत दुपारी तिनं कोपरा ओलांडला नव्हता. कशी ओलांडणार? सगळ्यांची दारं तिच्यामुळं उघडत होती. बाजार सकाळी, दवाखाना रविवारी, आईच्या शेवटच्या आजारपणातसुद्धा जाऊन आली ती संध्याकाळच्या आत. "मला वाईट नाही हं त्याचं," ती म्हणाली, "मला आवडायचं ते. पण अहो, सगळ्यांच्या किल्ल्या मला ठाऊक, आणि घरं मी पाहिलेलीच नाहीत! टेलिफोनवालीचं दार हिरवं आहे. तुम्हाला माहितीय? मला वाटायचं, तपकिरी असेल. किल्ली तशी होती." ती हसली. टेकाडापलीकडे वसाहत संपत नाही, तिथं आणखी एक वसाहत आहे, तिथं अजून चुन्याच्या रेघा आखलेल्या आहेत आणि लाल चिखल आहे, हे ती सांगत होती, आणि सांगताना तिचा आवाज कोणा लहान मुलीसारखा भराभर चालत होता. "तुम्हाला सांगितलं नाही," ती थांबून म्हणाली, "कारण तुम्हाला वाटलं असतं, किल्ल्या होत्या तेव्हा ही कोंडलेली होती. आणि नाही सांगितलं तर वाटणार, किल्ल्या गेल्या म्हणून ही झुरते. कसंही केलं तरी तुम्ही स्वतःलाच बोल लावणार. तुमचा स्वभाव मला माहीत नाही होय?" त्याला एकदम हुंदका आला. तो त्यानं खोकल्यावर नेला, पण इतकी वर्षं दाराआडून माणसं ओळखणाऱ्या बाईपुढं खोकला टिकतो कुठं. तिनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तिकडं न बघता म्हणाली, "उद्यापासून शहरात जाऊ नका. बाकावर बसून पाठ धरेल."

इस्त्रीवालीनं तिथूनच ओरडून विचारलं, किल्ली आणून देऊ का. त्यानं बायकोकडे पाहिलं. बायकोनं चपला पुन्हा पायात घातल्या. "राहू दे गं तुझ्याकडंच," ती म्हणाली, "आम्ही जरा जाऊन येतो." ती पुढं झाली आणि तो मागून. दार हिरवं होतं, खरंच. सुट्टी म्हणून घरी असलेल्या मास्तरीणबाई गच्चीवरून वाकून म्हणाल्या, "अरे वा, जोडीनं!" आणि त्यानं मान वर करून हात हलवला. भर दुपारी या रस्त्यावरून चालताना त्याला सारखं वाटत होतं की कोणीतरी आपल्याला हटकेल. कोणी हटकलं नाही. चौकात येऊन ती थांबली. "सगळं मीच दाखवायचं का?" ती म्हणाली. "तुमचा रस्ता दाखवा. तुम्ही रोज कुठून जायचात ते मी कुठं पाहिलंय?"

त्यानं तिला आपला रस्ता दाखवला. त्यालाही तो नीट ओळखू येईना, कारण उजेडात त्यानं तो फारसा पाहिला नव्हता. इथं खड्डा होता, इथं कुत्रं भुंकायचं, असं पायांच्या आठवणीनं तो सांगत गेला. शेवटी बसथांबा आला. पत्र्याचं छप्पर आणि एक बाक. "इथं उतरायचो," तो म्हणाला, "आणि उतरलो की आधी तिकडं बघायचो." तिनं त्याच्या बोटाच्या रोखानं पाहिलं. समोर एका चार मजली इमारतीची पाठ होती, पाण्याचे पाइप, पावसानं काळवंडलेला गिलावा. "पहिली काही वर्षं मध्ये काहीच नव्हतं," तो म्हणाला. "स्वयंपाकघराची खिडकी दिसायची. दिवा लागलेला असायचा. तू हलताना दिसायचीस. तेवढं दिसलं की मग मी सावकाश चालायचो, घाई नसायची. मग ही इमारत झाली." त्यानं हे कधी कोणाला सांगितलं नव्हतं, सांगण्यासारखं त्यात काही आहे असं त्याला वाटलं नव्हतं. ती त्या भिंतीकडे बघत होती. "मग इतकी वर्षं काय बघत होतात?" तिनं विचारलं. "भिंतच," तो म्हणाला. "त्या दोन पाइपांच्या मध्ये, गिलावा जरा फुगलाय ना, त्याच्या बरोब्बर मागं आपली खिडकी येते. तिथं बघायचो."

ती बाकावर बसली. पुन्हा उठली, तो उभा होता तिथं येऊन उभी राहिली, त्याच्या खांद्याला खांदा लावून, आणि डोळे बारीक करून तिनं भिंतीवरची ती जागा शोधली. एक बस आली, दार उघडून थांबली, आणि दोघं चढत नाहीत असं पाहून निघून गेली. ती अजून बघतच होती.

"हो," ती म्हणाली, "तिथंच असायचे मी."